तिसरी नळी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत मुतखड्याच्या 'बिनटाक्याच्या' शस्त्रक्रियांवर आलेला लेख वाचला. लेख चांगला आहे. पाठीतून सुई घालून मूत्रपिंडातला खडा काढायची पद्धत १९७६ साली स्वीडनमध्ये सुरू झाली, बाहेरून धक्के देऊन खडा फोडायचं यंत्र १९८० साली जर्मनीत म्युनिकला पहिल्यांदा माणसावर वापरलं, १९९० साली अमेरिकेत बारीक छिद्रांतून अख्खं मूत्रपिंड बाहेर काढलं, हे सगळं मला नव्यानं कळलं. पण गुंतागुंतीबद्दल लेखात शेवटी एकच ओळ आहे: 'क्वचित गुंतागुंत होऊ शकते.' त्या एका ओळीत आमच्या घराची दीड वर्षं गेली. पत्र लांबलं तर कापा, फक्त कार्डाबद्दल लिहिलंय तेवढं कापू नका.

मी बार्शी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात एकतीस वर्षं आरोग्यसेविका होते. लोक नर्सबाई म्हणतात. यंदा मे महिन्यात निवृत्त झाले. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणीही म्हणेल की अडाणी माणसं असतील, समजलं नसेल. माझ्या घरात अडाणी कुणी नव्हतं.

आमचे मालक साखर कारखान्यात बॉयलिंग हाऊसला फिटर. आठ तास वाफेत उभं राहायचं, घामानं बनियन पिळून काढायचा आणि दिवसभरात पाणी प्यायचं दोन पेले. मी गावभर बाळंतिणींना पाणी प्या म्हणून सांगत हिंडणार आणि घरी आल्यावर यांचा डबा बघावा तर पाण्याची बाटली जशीच्या तशी. २०२१-२२ च्या हंगामात ऊस उदंड, आमच्या भागात गाळप मे महिन्यापर्यंत रेंगाळलं. कळ त्याआधीच सुरू झाली होती. डाव्या कुशीतून निघायची आणि जांघेत उतरायची. सीझन संपू दे, मग बघू, असं चाललं होतं. तोवर हुलग्याचं माडगं झालं, पानफुटीची पानं सकाळी अनशापोटी खाऊन झाली. माडग्याला मी नावं ठेवणार नाही, थंडीत मीही पिते. पण सोनोग्राफीत खडा निघाला २४ मिलिमीटरचा, सुपारीएवढा, आणि किडनीला सूज. त्याला माडगं काय करणार?

शस्त्रक्रिया २४ जून २०२२ ला झाली. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. डॉक्टर हुशार होते, हाताला यश असलेले होते आणि आजही माझी त्यांच्या हाताबद्दल तक्रार नाही. त्यांनी समजावलं ते असं: "काकू, मोठा टाका नाही. पाठीला बोटाएवढं भोक, चार दिवसांत घरी." संमतीपत्र चार पानी, इंग्रजीत. मी सही केली. मी स्वतः शेकडो बायकांच्या सह्या घेतल्यात, तेव्हा सही करताना माणसाचं लक्ष कुठे असतं ते मला चांगलं माहीत आहे. लक्ष असतं स्ट्रेचरवर.

ऑपरेशननंतर मालकांच्या अंगात तीन नळ्या होत्या. एक लघवीच्या जागेची, पिशवी लावलेली. दुसरी पाठीतून, तिलाही पिशवी, त्यात लालसर पाणी. ह्या दोन सगळ्यांनी बघितल्या. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा आधी पिशव्या बघायचा, मग माणूस. तिसरी नळी आतल्या आत होती. मूत्रपिंडातून निघून मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरलेली, वीतभर लांब, शेवयीपेक्षा थोडी जाड. दोन्ही टोकं गळासारखी वळलेली असतात म्हणून तिला डीजे म्हणतात, डबल जे. ती घालतात ते योग्यच असतं. खडा फोडल्यावर चुरा अडकतो, मूत्रवाहिनी सुजते, लघवी वरच्या वर तुंबू नये म्हणून आत एक वाट उघडी ठेवायची. काही आठवड्यांनी ती काढतात. त्या जागी भूल देणारी जेली लावून लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालायची आणि चिमट्यानं ओढून घ्यायची, पाच-दहा मिनिटांचं काम.

तिसऱ्या दिवशी पाठीतली नळी काढली. चौथ्या दिवशी सकाळी लघवीची काढली. माझे दीर तिथेच होते. त्यांनी वॉर्डातल्या ब्रदरला विचारलं, "नळ्या सगळ्या निघाल्या ना?"

"हो, निघाल्या काका."

तो पोरगा खोटं बोलला नाही. त्याच्या हाताला लागण्यासारख्या सगळ्या निघाल्या होत्या.

डिस्चार्ज कार्डावर निदान, ऑपरेशनचं नाव आणि गोळ्यांचा तक्ता यांच्या मधोमध इंग्रजीत एक ओळ होती: 'डीजेएस इन सिटू, रिव्ह्यू आफ्टर थ्री वीक्स'. डीजे नळी आत आहे, तीन आठवड्यांनी दाखवा. ती ओळ तेव्हा मी वाचली होती की नाही, हे आजही छातीठोक सांगता येत नाही. गोळ्यांचा तक्ता वाचला, कारण गोळ्या मला द्यायच्या होत्या.

त्यानंतर वारी. आषाढीला आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांच्या ड्युट्या लागतात. ३ जुलैला मी पंढरपूरला गेले, वारकऱ्यांच्या पायाचे फोड आणि जुलाब बघायला. ५ तारखेला रात्री अकराला मुलाचा फोन. "आई, पप्पांची लघवी लालभडक झालीय, जांभळासारख्या गाठी पडतायत." तासाभरानं दुसरा फोन, लघवीच बंद झाली. गाठींनी वाट बुजली होती.

ऑपरेशन होऊन अकरा दिवस झाले होते. चार दिवसांपूर्वी माणूस अंगणात फिरत होता.

जवळच्या रुग्णालयात मूत्राशय धुऊन काढलं, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या आणि सांगितलं, पुण्याला हलवा. मी पंढरपुरातून निघाले, मुलगा बार्शीतून. वारीचे दिवस, रस्त्यानं दिंड्या. ॲम्ब्युलन्सवाल्यानं कुठून कुठून गाडी काढली ते त्यालाच माहीत. पुण्यात जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट मूत्रपिंडापर्यंत नेली, फोटो काढले आणि जिथून रक्त झिरपत होतं त्या फांदीत धातूचं वेटोळं बसवून ती बंद केली. एम्बोलायझेशन म्हणतात त्याला. पोट फाडलं नाही, किडनी काढली नाही. बिनटाक्याच्या ऑपरेशनचा त्रास बिनटाक्याच्याच उपायानं निस्तरला, याचं श्रेय द्यायलाच हवं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट बसवून समजावलं. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांत जातो. पाठीतून सुई घालून वाट रुंद करताना एखादी बारीक धमनी निसटती चिरली जाते. त्या वेळी गाठ धरून ती बंद दिसते. पुढे आतल्या दाबानं तिथे फुगा येतो, सायकलच्या टायरला चीर पडली की ट्यूब बाहेर फुगते तसा. तो आठ-पंधरा दिवसांनी फुटतो, कधी त्याहून उशिरा. ही कुणाची चूक म्हणता येत नाही. चांगल्यातल्या चांगल्या हाताखालीही हे घडतं. माझी भाची नर्सिंग कॉलेजात शिकवते. तिनं नंतर मला एका मोठ्या अभ्यासाचे आकडे काढून दिले. जगभरातल्या ९६ केंद्रांत याच पद्धतीनं ऑपरेशन झालेले ५,८०३ रुग्ण होते. त्यांतल्या ५.७ टक्क्यांना रक्त द्यावं लागलं, १०.५ टक्क्यांना साडेअडतीसच्या वर ताप आला, १.८ टक्क्यांच्या छातीत फुप्फुसाभोवती पाणी झालं. म्हणजे शंभरातल्या दहांना ताप आणि पाच-सहांना रक्त. लेखातल्या 'क्वचित' या शब्दात हे बसतं का, ते संपादकांनीच ठरवावं. ऑपरेशन करू नका असं मला म्हणायचं नाही, मी पुन्हा वेळ आली तरी हेच ऑपरेशन करायला सांगेन. फक्त रुग्ण घरी आल्यावर काय बघायचं ते घरच्यांना माहीत हवं. थंडी वाजून ताप, लघवीत गाठी, लघवी बंद, श्वास लागणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. तापाचं तर विशेष सांगते. आधीची लघवीची तपासणी स्वच्छ आली म्हणून निर्धास्त राहू नये. जंतू खड्याच्या आत दडलेले असतात आणि खडा फुटला की रक्तात उतरतात.

१० जुलैला आषाढी एकादशी होती. वॉर्डातल्या टीव्हीवर विठ्ठलाची महापूजा दाखवत होते. मालक पडल्या पडल्या हात जोडून बघत होते आणि मी त्यांच्या पिशवीतल्या लघवीचा रंग बघत होते. गुलाबी झाली होती. मला वाटलं, सुटलो.

आता मूळ मुद्दा.

पुण्याच्या डिस्चार्ज कार्डावर रक्तस्रावाचं आणि एम्बोलायझेशनचं सगळं तपशीलवार होतं. डीजेचं अक्षर नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, 'पहिल्या युरॉलॉजिस्टना दाखवावे', तेही इंग्रजीत. पुण्याच्या लोकांना वाटलं, नळी ज्यांनी घातली ते काढतील. पहिल्या रुग्णालयाला वाटलं असेल, रुग्ण आता पुण्याचा झाला. त्यांच्याकडून फोन आला नाही. आणि आम्ही? आमच्या दिरांनी जाहीर केलं होतं, त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढायची नाही. जीव जाता जाता वाचला होता, घरात राग होता. मीही त्या रागाला हो म्हटलं. अशा रीतीनं ती नळी दोन रुग्णालयं आणि एक घर यांच्या मधल्या फटीत पडली.

एक-दोन महिन्यांनी मालकांना लघवीला वारंवार जावं लागू लागलं. रात्री चार-पाच वेळा. जळजळ. लघवी करताना डाव्या कुशीत वर कळ जायची. मोटारसायकलवरून खडबडीत रस्त्यानं आले की लघवी तांबूस. नळी आत असलेल्या दहांतल्या सात-आठ माणसांना असा त्रास होतोच, हे मला आता कळलं. तेव्हा मी माझं डोकं चालवलं: वय साठीकडे आलंय, प्रोस्टेट असणार. गावातल्या डॉक्टरांनीही तेच धरलं, गोळ्या दिल्या. मध्ये दोनदा ताप आला, अँटिबायोटिकनं उतरला. सोनोग्राफी करू म्हटलं की मालक म्हणायचे, "आता पुन्हा त्या भानगडीत पाडू नकोस." पुण्याची धास्ती त्यांच्या मनातून गेली नव्हती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कंबर फार दुखायला लागली म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कंबरेचा एक्सरे सांगितला. एक्सरे काढणारा मुलगा फिल्म दिव्यासमोर धरून बाहेर आला. मणक्याकडे बघायचं सोडून तो दुसरीकडेच बघत होता. म्हणाला, "काका, तुमच्या पोटात ही नळी कशाची?"

मालक म्हणाले, "नळी? नळ्या तर सगळ्या काढल्या."

मी फिल्म हातात घेतली. डाव्या बाजूला बरगड्यांखाली एक पांढरी वेटोळी, तिथून खाली उतरत गेलेली रेघ आणि ओटीपोटात लिंबाएवढा पांढराशुभ्र गोळा. खडा काढताना घातलेल्या नळीलाच नवा खडा आला होता, तोही पहिल्यापेक्षा मोठा. एक्सरेच्या खोलीबाहेर सिमेंटचा बाक होता, त्यावर मी बसले. घालून पंधरा महिने झाले होते.

नंतरच्या डॉक्टरांनी सांगितलं, असं होतंच, नळीवर क्षार बसतात. १९९१ सालचा एक अभ्यास आहे. सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या नळ्यांपैकी शंभरात नऊवर खर दिसली. सहा ते बारा आठवडे राहिलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांवर. बारा आठवड्यांपुढे गेलेल्यांत शंभरात शहात्तर. मालकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. कारखान्यात रस आटवायच्या बॉडीच्या नळ्यांना आतून खर धरते, ठरलेल्या दिवसांनी गाळप थांबवून ती खरवडून काढावी लागते, नाहीतर वाफ जाते पण रस आटत नाही. त्यांचं आयुष्य त्यात गेलेलं. दवाखान्यातच मला म्हणाले, "आमच्याकडे क्लीनिंगची तारीख बोर्डावर लिहितात. माझी कुठे लिहिली होती?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या ह्या एका प्रश्नासाठीच मी हे पत्र लिहिते आहे.

जी नळी तीन आठवड्यांनी पाच-दहा मिनिटांत निघाली असती, तिच्यासाठी तीन वेळा भूल द्यावी लागली. आधी जंतुसंसर्ग होता म्हणून पाठीतून नुसती नळी टाकून पू-लघवी काढली, दोन आठवडे अँटिबायोटिक. मग मूत्राशयातला गोळा लेझरनं फोडून खालचं टोक मोकळं केलं. मग पुन्हा पाठीतून सुई, त्याच मूत्रपिंडात, जिथून एकदा रक्त वाहिलेलं होतं. त्या दिवशी ऑपरेशनच्या दारात मी काय काय बोलले देवाला ते लिहीत नाही. नळी निघाली. डॉक्टरांनी ती मला गॉजमध्ये दाखवली. पिवळट, खडबडीत, चुन्यात बुडवून वाळवलेल्या दोरीसारखी, दोन तुकड्यांत. बोटानं दाबली तर करकर वाजली. सगळा खर्च दोन लाखांच्या घरात गेला. पुढे डीटीपीए स्कॅन केला. डावं मूत्रपिंड २२ टक्के काम करतं, उजवं ७८. त्यातलं किती बंद केलेल्या धमनीमुळे गेलं, किती नळीमुळे आणि किती मूळच्या सुजेमुळे, ते कुणी वेगळं करून सांगू शकत नाही. म्हणून मी भांडायला गेले नाही. गेले असते तरी त्यांनी कार्डावरची ती ओळ दाखवली असती आणि ती तिथे आहे.

आता माझ्या नोकरीतलं सांगते. उपकेंद्रात मी तांबी बसवायची. ३८०-ए बसवली तर दहा वर्षं, ३७५ बसवली तर पाच. बाई टेबलावरून उतरायच्या आत तिच्या हातात कार्ड. त्यावर बसवल्याची तारीख, काढायची तारीख, तिला वाचता येतील अशा अक्षरांत. तेच माझ्या रजिस्टरात. बाई सासर सोडून पुण्याला गेली तर तिच्या सासूला विचारून नंबर घ्यायचा. पाळी पुढेमागे झाली, धागा हाताला लागत नाही, असं म्हणत बायका रात्री दारात आलेल्या आहेत. कारण त्यांना माहीत होतं की आपल्या पोटात काहीतरी ठेवलंय आणि ते कुणी ठेवलंय. लसीकरणाचं तर विचारूच नका. सत्राच्या आधी आशाताई ड्यू लिस्ट काढते, कुणाचं पोर दीड महिन्याचं झालं, कुणाचा गोवराचा डोस राहिलाय. एक पोर राहिलं तर आम्ही वस्तीवर चिखल तुडवत जायचो. वरचे साहेब आमच्या नावानं खडे फोडायचे ते वेगळंच.

दहा वर्षं चालणाऱ्या तांबीला कार्ड आहे. सहा आठवड्यांत काढायच्या नळीला कार्ड नाही. डिस्चार्जच्या कागदात साडेतीन इंग्रजी अक्षरं आहेत.

काही रुग्णालयांत डीजेचं रजिस्टर ठेवतात, रुग्णाला फोन करतात, मोबाईलवर संदेश पाठवतात. आमची नळी जिथे शेवटी निघाली तिथे आहे. म्हणजे हे जमण्यासारखं आहे. मग ते डॉक्टरच्या चांगुलपणावर का सोडायचं? ज्याच्या अंगात नळी ठेवली त्याला ऑपरेशनच्या दिवशीच वेगळं, जाड कागदाचं, मराठीतलं कार्ड द्यावं. फाईलला टाचू नये, फाईल माळ्यावर जाते. त्यावर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतचं साधं चित्र असावं, कुठल्या बाजूला नळी आहे ते, घातल्याची तारीख, काढायची शेवटची तारीख आणि फोन नंबर. 'तुमच्या अंगात एक नळी ठेवली आहे, ती दिसत नाही, ती काढावीच लागते', हे वाक्य मोठ्या ठशात. रुग्णाला दुसरीकडे हलवलं तर हे कार्ड त्याच्याबरोबर गेलंच पाहिजे आणि घेणाऱ्या रुग्णालयानं त्याची नोंद आपल्या कार्डावर करावी. नळी काढायचे पैसे ऑपरेशनच्या बिलातच धरावेत. हे मी अनुभवानं सांगते. त्रास नसलेला माणूस तीन-चार हजार रुपये आणि एक दिवसाची मजुरी मोडून पुन्हा दवाखान्यात जात नाही. बरं वाटतंय ना, मग कशाला, हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याची ऑपरेशनं होतात, तिथे रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याच्या संगणकात रुग्णाचा फोन नंबर असतो. नळी घातली आणि काढल्याची नोंद आली नाही, अशा रुग्णांची यादी त्याला दर महिन्याला मिळावी. ती यादी गावच्या आशाताईपर्यंत पोहोचली तर नळी राहणार नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. खाजगीतल्यांचं काय, असं विचाराल. २०२१ साली राज्यानं शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला लावली. फ्रेम करून लावलेली ती सनद मी तिन्ही ठिकाणी बघितली. त्याच नियमांत आणखी एक ओळ घालायला किती वेळ लागेल? आणि नोंदणीची तपासणी होते तेव्हा अग्निशामक नळकांडं बघतात तसं डीजेचं रजिस्टर मागून बघावं.

डॉक्टरमंडळी म्हणतात, आम्ही सांगतो, रुग्णच येत नाहीत. खरं आहे, आम्हीही गेलो नाही. माझा वाटा मी नाकारत नाही. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या तारखा सांभाळणाऱ्या बाईनं घरातली तारीख हुकवली, हे गावात मला तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण माझं मला रोज म्हणून होतं. तरीही एक विचारते. भूल उतरत असलेल्या माणसाला आणि तीन रात्री न झोपलेल्या त्याच्या बायकोला एकदा तोंडी सांगणं, याला सांगणं म्हणायचं का? आम्ही बायकांना तांबीचं सांगून झालं की उलट विचारायचो, "आता तू मला सांग, कधी यायचं?" तिनं बरोबर सांगितलं तरच ती घरी.

जाता जाता अजून एक, कारण हे कुठेच छापून येत नाही. खडा निघाला, नळीही निघाली, दुखत काही नाही, तरी महिन्या-दोन महिन्यांनी एकदा सोनोग्राफी करून घ्यावी. दुर्बीण किंवा खडा घासून मूत्रवाहिनी एखाद्या जागी आकसते, ते दुखेलच असं नाही, आणि वरचं मूत्रपिंड गुपचूप फुगत जातं. दुखणं थांबलं म्हणजे काम झालं, हा हिशोब किडनीला लागू नाही.

निवृत्त झाल्यापासून मी एक रिकामा उद्योग लावून घेतलाय. गिरणीत, भजनाला, लग्नात, कुणाच्या घरी मुतखड्याचं ऑपरेशन झालं असं कानावर आलं की मी कार्ड बघायला मागते. डी आणि जे ही दोन अक्षरं आधी शोधते. लोक हसतात. आतापर्यंत बावीस-तेवीस कार्डं बघितली असतील. बहुतेकांच्या नळ्या वेळेवर निघालेल्या होत्या, तेही सांगितलं पाहिजे. दोघांच्या आत होत्या. एक आमच्याच गावातली म्हातारी, पाच महिने झालेले. तिच्या मुलाला वाटत होतं ती नळी कायमचीच असते, हृदयात स्प्रिंग बसवतात तशी. तिची गेल्या मंगळवारी निघाली. थोडी खर होती, पण निघाली.

दुसरा वस्तीवरचा, तिशीतला पोरगा. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालेलं. त्याचं कार्ड त्याच्या आईनं पत्र्याच्या डब्यातून काढून मला दाखवलं तेव्हा तो टोळीबरोबर कर्नाटकात ऊसतोडीला गेलेला होता, बायको-लेकरांसकट. मुकादमाचा नंबर घेतलाय. रोज संध्याकाळी लावते. रेंज नसते, किंवा उचलत नाही. काल एकदा लागला. "सांगतो त्याला," म्हणाला आणि ठेवला.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. बार्शी, जि. सोलापूर
डिसेंबर २०२४

(माझं नाव छापू नये. कार्डाचा नमुना मी हातानं काढून सोबत जोडला आहे, तो मात्र जागा असेल तर छापावा.)